ब्रेकबाईंची नवी गाडी

ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर मालकांचं नाव होतं, पण लोक ती शाळा ओळखायचे ब्रेकबाईंच्या नावानं. हे नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं ते आता कोणालाच सांगता येणार नाही. समोर सगळे 'मॅडम' म्हणत; पाठ वळली की ब्रेकबाई. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आतून आवडतही होतं. एकोणीस वर्षं रोज आठ-आठ तास नवशिक्यांच्या शेजारी बसून जिनं शाळेच्या गाडीला एक ओरखडा येऊ दिला नाही, तिला लोक आणखी काय म्हणणार?

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्यानं घोळ घातला की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा, एवढंच त्याचं काम. इतर शिक्षकांचा पाय त्या ब्रेकच्या आसपास असतो. बाईंचा त्याच्यावरच असायचा. दोनशे पावलांवर एखादी सायकल दिसली, की शिकणाऱ्याच्या ती लक्षात यायच्या आत गाडी हळू झालेली असे.

त्या मुळात या शाळेत शिकणाऱ्यांचे फॉर्म भरायच्या नोकरीवर आल्या होत्या. टायरच्या दुकानावर एक खोली, चार खुर्च्या, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि कोपऱ्यात कधीच न चालणारा कूलर, अशी ती शाळा. पुढे बायका शिकायला येऊ लागल्या आणि त्यांच्या घरच्यांना शेजारी बाईमाणूसच बसलेलं हवं, असं झालं. मालकांनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला चालवता येते ना?" बाई म्हणाल्या, "येते." "मग शिकवताही येईल. बोलणं कमी आलं तरी चालेल, पाय जागा पाहिजे." मालक बोलून गेले आणि विसरून गेले. बाईंनी मात्र ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं.

बाईंच्या हाताखालून गेलेली माणसं फार सभ्य गाडी चालवत. उगाच हॉर्न नाही, कोणाच्या अंगावर जाणं नाही. खोड एकच. पुढं काही आडवं आलं, की ब्रेक दाबायच्या आधी ती क्षणभर शेजारी बघत. परीक्षेच्या दिवशी शेजारी बसलेला अधिकारी काही त्यांच्यासाठी ब्रेक दाबत नसे, आणि बाईंची निम्मी मंडळी पहिल्या खेपेला तिथंच आपटत. अधिकारी म्हणे, "ब्रेकबाईंकडचे का?" मालकांची याला काही हरकत नव्हती, कारण नापास झालेला माणूस पुन्हा पंधरा दिवसांसाठी येतो. आणि बाईंचं म्हणणं, "नापास झाला तर पुन्हा बसेल. हातपाय शाबूत आहेत ना?" यावर कोण काय बोलणार!

एवढी मोठी मास्तरीण, पण घरी दिव्याखाली अंधार. बाई सोडून घरात कोणालाच गाडी चालवता येत नव्हती. बाईंचे यजमान पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत होते. शहरभरच्या नळांचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावायची, आणि एकच गोष्ट तीन-तीनदा तपासायची, हे त्यांचं काम. कचेरीत त्यांना नमुनेवाले म्हणत. त्यांच्या आई, म्हणजे बाईंच्या सासूबाई, नुसतंच 'आमचा नमुना' म्हणत. तर बाई शिकवायला लागल्या तेव्हा पहिला शिष्य म्हणून त्यांनी यजमानांनाच बसवलं. अकराव्या दिवशी यजमान भर चौकात गाडीतून उतरले, दार नीट लावलं आणि चालत घरी गेले. त्या विषयावर दोघांत पुढं एक शब्दही झाला नाही, आणि यजमानांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.

लेक अठरा वर्षांची झाल्यावर तिचीही पाळी आली. ती तीन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी अर्ध्या तासात बाईंनी एक्केचाळीस वेळा ब्रेक दाबला. लेकीनं मोजलं होतं. बापाचा गुण, दुसरं काय.

"आई, गाडी तूच चालवतेयस," ती म्हणाली. "मी नुसतं स्टिअरिंग धरून बसलेय."

"आत्ता तो म्हातारा मध्ये आला असता तर?"

"तो फुटपाथवर होता गं."

"फुटपाथवरूनच येतात मध्ये," बाई म्हणाल्या. हे खरंच आहे, पण शिकणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. लेक उतरली ती उतरलीच.

घरची गाडी होती तीही शाळेचीच. शाळेनं ती मोडीत काढायची ठरवली तेव्हा बाईंनी घेतली, शेजारच्या ब्रेकसकट. त्यामुळे या घरात पुढच्या सीटवर बसायचं म्हणजे पाय आवरून बसायचं, हा नियमच होता. सासूबाईंनी एकदा त्या ब्रेकवर काठी टेकवली आणि मागच्या स्कूटरवाल्याकडून सगळ्यांनी मिळून बोलणी खाल्ली. तरी गाडी बारा वर्षं चालली. मग तिच्या तळाला गंज लागला, मागच्या सीटखालून रस्ता दिसू लागला, आणि चढावर ती दम लागल्यासारखी थांबू लागली.

त्यातच लेकीला शहराबाहेरच्या चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात नोकरी लागली. सकाळी सहाची पाळी. त्या वेळेला तिकडं बस नाही. म्हणून बाई रोज पहाटे उठून तिला सोडायच्या आणि परत येऊन शाळा गाठायच्या. वर्षभर असं चाललं आणि बाईंचा उजवा गुडघा बोलू लागला. डॉक्टरांनी फोटो दिव्यापुढे धरला.

"वाटी झिजलीय. एकाच पायाची. या पायाला काम काय असतं तुमच्या?"

"दाबायचं," बाई म्हणाल्या.

"मग कमी दाबा. शाळेतलं करायचं तर करा, पण घरची गाडी आता दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्या."

डॉक्टरांना बोलायला काय जातं! दुसरं कोण म्हणजे लेकच. नवी गाडी घ्यायची आणि ती लेकीच्या हातात द्यायची, हे घरात न बोलताच ठरलं. बाईंनाही ते पटत होतं. फक्त लेक एकटी स्टिअरिंगवर, शेजारची सीट रिकामी आणि त्या सीटसमोर काहीच नाही, असं चित्र डोळ्यांपुढं आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. अडीच हजार माणसांच्या शेजारी बसलेली बाई, पण त्यातलं एकही माणूस त्यांच्या पोटचं नव्हतं.

गाडी निवडायचं काम यजमानांनी अंगावर घेतलं. निवडीचे निकष तीन: कमी तेल प्यावं, वाटेत दगा देऊ नये, आणि आत बसलेल्याची हाडं खिळखिळी होऊ नयेत. जाहिरातींवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "कंपनीनं स्वतःच्या पाण्याचा स्वतःच दिलेला दाखला आहे तो," ते म्हणत. म्हणून ते रविवारी सकाळी पेट्रोल पंपावर जाऊन उभे राहू लागले. गाडी आली की नम्रपणे पुढं होऊन विचारायचे, "किती देते?" पहिल्या रविवारी पंपावरच्या माणसानं त्यांना हटकलं, दुसऱ्या रविवारी खुर्ची दिली. भरवशासाठी ते गॅरेजच्या समोर जाऊन कोणत्या जातीच्या गाड्या जास्त येऊन पडतात ते लिहून घेत. गॅरेजवाल्याला वाटलं, हे सरकारी माणूस. त्यानं दोन दिवस रस्त्यावरच्या गाड्या आत घेऊन ठेवल्या.

आराम मोजायची त्यांची रीत मात्र खास त्यांच्या खात्यातली. प्रयोगशाळेतली एक रुंद तोंडाची बाटली काठोकाठ भरायची, बूच न लावता पुढच्या सीटवर मांडीवर धरायची, आणि गाडीची ठरावीक फेरी झाली की बाटलीत किती पाणी उरलं ते बघायचं. जेवढं सांडलं तेवढे धक्के. शनिवारी दुपारी शाळेत शिकणाऱ्यांची रीघ असते, बाईंना उसंत नसते. तेव्हा बापलेक बाटली घेऊन शोरूमला जायचे आणि यजमान संध्याकाळी ओल्या विजारीनं परत यायचे. प्रत्येक गाडी तीन शनिवार. सासूबाईंची कसोटी वेगळी. त्या एकदाच गेल्या आणि प्रत्येक गाडीत एकदा बसून एकदा उतरल्या.

दोन महिन्यांनी जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरला गेला. शेवटी उरल्या दोन गाड्या, दोन्ही एकाच शोरूममधल्या. एक करडी, उंच, मोठ्या खिडक्यांची. दुसरी निळी, बुटकी. करडी तेल कमी प्यायची, गॅरेजसमोर ती दोनदाच दिसली होती, आणि बाटलीतून सरासरी अठरा मिलिलिटर पाणी सांडलं होतं. निळीत सांडलं होतं त्रेसष्ट.

"करडीत मी खुर्चीवरून उठावं तशी उठले," सासूबाईंनी साक्ष दिली. "निळीत बसेन मी, नाही म्हणत नाही. पण मला काढायला दोन माणसं ठेवा."

"तर मग करडी," यजमान म्हणाले. त्यांचा आवाज निकाल वाचणाऱ्याचा झाला होता.

"निळी," बाई म्हणाल्या.

टेबलावर सगळे बाईंकडे बघू लागले.

"निळी का?" यजमानांनी विचारलं.

"रंग चांगला आहे."

"अगं, करडीही निळ्या रंगात मिळते."

"बुटकी आहे. गल्लीत वळवायला बरी."

"वळायला करडीच कमी जागा घेते. मी फीत लावून मोजलंय."

"तुम्ही काय, सगळंच मोजता," बाई म्हणाल्या, आणि ताटं उचलायला लागल्या. जेवण अजून संपायचं होतं.

आता बाई ताकाला जाऊन भांडं लपवत होत्या, ते असं. शाळेच्या गाड्यांना दुसरा ब्रेक बसवून देणारा एक फिटर होता. यजमान पंपावर 'किती देते' विचारत होते त्याच दिवसांत बाई एका दुपारी त्याच्याकडे जाऊन आल्या होत्या. फिटरनं शोरूमला जाऊन या दोन्ही गाड्यांच्या खालीही झोपून पाहिलं होतं. "करडीत नाही जमायचं, मॅडम. शेजारच्या पायाशी वायरिंगचा डबा आलाय, दांडी न्यायची कुठून? निळीत जागाच जागा आहे. बसवून देतो." बाईंनी त्याच क्षणी निळी पसंत केली. तेल, भरवसा, आराम सगळं त्या एका दांडीपुढं फिकं पडलं. शोरूममधल्या टायवाल्या विक्रेत्यालाही त्या एकट्यानं भेटून आल्या आणि म्हणाल्या, "निळीच घेऊ आम्ही. फॉर्मवर तेवढं जादा काम लिहून ठेवा. आणि घरच्यांपाशी उगाच चर्चा नको." टायवाल्यानं मान डोलावली. त्यानं यापेक्षा विचित्र गिऱ्हाइकं पाहिलेली होती.

आठवडाभर घरात निळी-करडी चालली. यजमान चिडले नाहीत. त्यांनी तक्ता पुन्हा तपासला. चूक सापडेना. निकाल स्वच्छ आहे आणि तरी अहवाल फेटाळला जातोय, असं खात्यात त्यांच्यावर बऱ्याचदा आलेलं होतं. सव्वीस वर्षांच्या संसारात बायकोनं असा हट्ट कधी धरला नव्हता, याचाही त्यांनी विचार केला. शेवटी एका रात्री तक्त्याची घडी घालून ते म्हणाले, "बरं. निळी तर निळी." त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते बाईंना दिसलं होतं. तरी बाई गप्प राहिल्या.

रविवारी चौघं मिळून शोरूमला गेले. सासूबाईंना एसीच्या गारव्यातली खुर्ची आणि चहा मिळाला. टायवाल्यानं फॉर्म पुढं ओढला. सही घेण्यापूर्वी सगळं वाचून दाखवायचं, हा त्यांच्याकडचा नियम. गाडीचा प्रकार, रंग, सीटची कव्हरं असं वाचत तो खाली आला, आणि ज्या ओळीवर त्यानं थांबायला हवं होतं त्या ओळीवर थांबला नाही.

"जादा काम. शेजारच्या सीटसमोर दुसरा ब्रेक बसवणे. बाहेरच्या फिटरकडून, ग्राहकाच्या जबाबदारीवर."

वाचून झाल्यावर त्याला बाईंची ताकीद आठवली आणि तो टाय सारखा करू लागला.

"दुसरा ब्रेक?" यजमान म्हणाले. "घरच्या गाडीला?"

"असावा," बाई म्हणाल्या. "जुनीला होता की."

"आणि तो करडीत बसत नाही."

"नाही बसत."

"म्हणून निळी."

चोरी उघडकीला आली की माणसाला आधी राग येतो, तसा बाईंना आला. पण रागवायचं कोणावर तेच कळेना.

"त्या ब्रेकवर पाय कोण ठेवणार?" सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवत विचारलं. "मी नाही ठेवणार बाई, आधीच सांगते."

"मी बसेन ना. रोज सकाळी ही चालवेल, मी शेजारी बसेन."

"आणि मी कारखान्यात उतरल्यावर गाडी परत कोण आणणार?" लेकीनं विचारलं.

"मीच."

"मग तुझ्या गुडघ्याला आराम कुठला?"

बाईंनी फॉर्मवरची ती ओळ पुन्हा वाचली. दोन महिने त्यांनी त्या दांडीचा विचार केला होता, ती कुठून कशी जाईल याचा केला होता, पण गाडी परत कोण आणणार याचा केलाच नव्हता.

टायवाल्याला वाटलं, आता आपण काही गोड बोललो तर वातावरण निवळेल. गिऱ्हाइकाच्या मुलांचं कौतुक करावं, हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं.

"मॅडम, खरं सांगू? ताईंना दुसऱ्या ब्रेकची गरजच नाही. काय सुंदर चालवतात! दर शनिवारी ताईंनीच तर चालवली, साहेब बाटली धरून शेजारी."

शोरूममध्ये कुठल्यातरी टेबलावर शिक्का मारल्याचा आवाज झाला, तेवढाच.

"कोणी चालवली?" बाईंनी विचारलं.

लेकीनं पर्समधून लायसन्स काढलं आणि फॉर्मवर ठेवलं. बाईंनी ते हातात घेतलं नाही. वाकून, चष्म्यातून, तारीख वाचली. चार महिने झाले होते.

"कुठं शिकलीस?"

"पुलापलीकडच्या शाळेत. काकांकडे."

काका म्हणजे बसवरून निवृत्त झालेले चालक. बाई त्यांना ओळखत होत्या. धंद्यातलं माणूस म्हणून रस्त्यात भेटले तर हात करण्याइतकी ओळख.

"त्यांच्या गाडीत दुसरा ब्रेक आहे?"

"आहे. पण काका त्याच्यावर चपला काढून ठेवतात."

"चपला?"

"हो. आणि पेपर वाचतात."

बाईंनी यजमानांकडे पाहिलं. यजमान टेबलाच्या कडेवर नखानं रेघ ओढत होते.

"ते अठरा मिलिलिटर," बाई म्हणाल्या, "ते हिनं चालवताना?"

"हिनंच. तिन्ही वेळा." मग त्यांना राहवलं नाही. "विक्रेत्यानं चालवली तेव्हा चाळीस सांडलं होतं. ते मी तक्त्यात धरलं नाही."

"कार्ड पोस्टानं आलं तेव्हा सही मी केली हो," सासूबाई म्हणाल्या. एवढ्या गोष्टीत आपला वाटा राहून जाऊ नये असं त्यांना वाटलं असावं. "दोन दिवस उशीखाली ठेवलं होतं."

बाईंना वाईट वाटलं, आणि ते तोंडावर दिसलं. घरची तीन माणसं चार महिने एक गोष्ट लपवतात याचं वाटलंच. पण लायसन्स मिळालं, आनंदाची गोष्ट, आणि ती आपल्यापासून लपवावी लागली, याचं त्याहून जास्त वाटलं. त्यांच्या हातून पास झालेली माणसं पेढे घेऊन नाही, तरी साधं सांगायला म्हणून शाळेचा जिना चढून येत. स्वतःची लेक आली नव्हती.

"आई," लेक म्हणाली, "मी सांगणार होते. दर वेळी वाटायचं, सांगितलं की तू म्हणशील, चल, दाखव चालवून. आणि शेजारी बसशील. मग मला यायचं बंद होईल."

टायवाला फॉर्म हळूच आपल्याकडे ओढून घेत होता.

"किल्ली द्या," लेक त्याला म्हणाली. "करडीची. आई, एक फेरी मारून येऊ. मग तू म्हणशील ती घेऊ, निळी म्हणालीस तर निळी."

सासूबाईंनी दुसरा चहा मागवला होता, त्या तिथंच बसल्या. बाकीचे बाहेर आले. बाई सवयीनं पुढच्या दाराकडं गेल्या आणि त्यांनी ते उघडलंही.

"तू मागे बस," लेक म्हणाली.

पुढं यजमान बसले. मागं बाई आणि टायवाला. मागच्या सीटवर आपण शेवटचं कधी बसलो होतो ते बाईंना आठवेना. सीट खरोखरच चांगली होती. पाठीला टेकू होता, गुडघे सुटे राहत होते, खिडकीतून मोठा रस्ता दिसत होता. बाईंना त्यातलं काहीच जाणवत नव्हतं. त्या दोन सीटच्या मधून पुढं वाकून लेकीच्या हातांकडं बघत होत्या.

लेकीनं आरसा सारखा केला, पट्टा लावला, मागं पाहिलं आणि गाडी रस्त्यावर काढली. बाई चूक शोधत होत्या. एखादी सापडली असती तर बरं वाटलं असतं. वळणाआधी वेग कमी केला तो जरा उशिरा केला, असं त्यांना वाटलं. पण गाडी वळली ती कोणाच्या अंगावर न जाता, अलगद. सिग्नलला थांबताना तर थांबली कधी ते समजलंच नाही. यजमान पुढं हात मांडीवर ठेवून निवांत बसले होते. अकराव्या दिवशी चौकात उतरलेला हाच माणूस, हे बाईंच्या मनात येऊन गेलं.

बाजाराच्या रस्त्याला दोन्हीकडं दुकानं होती आणि माल उतरवायची गर्दी होती. बाईंच्या हिशेबानं हा रस्ता म्हणजे अर्ध्या तासात वीस वेळा ब्रेक. त्यांनी सीटची कड धरली. एका बेकरीशेजारच्या गल्लीतून पावाची व्हॅन मागं मागं येत होती. चालवणारा आरशात बघत नव्हता, हे बाईंना लांबूनच कळलं. व्हॅनचा मागचा भाग रस्त्यावर आला.

बाईंचा उजवा पाय पुढच्या सीटखाली गेला आणि तिथल्या पायपुसण्यावर जीव खाऊन दाबला गेला. काही झालं नाही. गाडी तशीच जात होती. दाब, बाई मनात म्हणाल्या. आता दाब. आता. त्यांच्या तोंडून आवाज फुटणार होता तो त्यांनी ओठ दाबून आत ठेवला, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लेक व्हॅनकडं बघत होती. तिनं शेजारी पाहिलं नाही. पाहण्याइतका वेळ गेला, आणखी थोडा गेला, आणि मग तिचा पाय हलला. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि थांबली.

कोणीही पुढं फेकलं गेलं नाही. टायवाल्यानं तर लक्षही दिलं नव्हतं; तो फोनवर काही लिहीत होता. व्हॅन आणि गाडी यांच्या मधून एक बाई लहान पोराचा हात धरून पलीकडं गेली, आणि तिला मान वर करून बघायचीही गरज पडली नाही. एवढी जागा उरली होती.

बाईंचा पाय अजून पायपुसण्यावरच होता आणि गुडघ्यातून कळ येत होती. व्हॅन दिसली तो क्षण आणि लेकीनं ब्रेक दाबला तो क्षण, यांच्यामध्ये जी जागा होती ती बाईंनी एकोणीस वर्षांत कधी पाहिलीच नव्हती. तिथवर त्या कोणाला पोचूच देत नसत. अडीच हजार माणसं त्यांच्या शेजारी बसून गेली, हात शिवशिवत, पाय तयार ठेवून, आणि त्यातल्या एकालाही त्यांनी ही जागा दिली नव्हती. घरातल्या दोघांनाही नाही.

व्हॅनवाला पुन्हा पुढं-मागं करत होता. लेकीनं आरशात पाहिलं. तिच्या डोळ्यांत परीक्षेच्या दिवशीची भीती होती. अधिकाऱ्यासमोर नसेल तेवढी.

"आई," तिनं विचारलं, "उशीर झाला का गं?"

यजमान वळून बघणार होते, पण त्यांनी बघितलं नाही.

"नाही," बाई म्हणाल्या. "तू वेळेवर दाबलास. मीच आजवर लवकर दाबत आले."